उजवा हात, डावा कान

आमच्या गावात कुणाला कुणाचं वय नीट माहीत नव्हतं. अमका मोठा पूर आला त्या साली जन्मला, तमकी टोळधाडीच्या वेळी पाळण्यात होती, एवढ्यावर सगळ्यांचं भागायचं. शाळेला मात्र वय लागायचं. त्यासाठी मास्तरांची एक परीक्षा होती. पोराने उजवा हात डोक्यावरून न्यायचा आणि डाव्या कानाला लावायचा. बोटं कानाला टेकली की पोर बिगरीत बसायला लायक झालं. बिगरी म्हणजे पहिलीच्याही आधीची यत्ता. तिथे पोरं पाटीवर रेघोट्या मारायची आणि एकमेकांच्या टोप्या उडवायची. बोटं टेकली नाहीत, तर पुढच्या दसऱ्याला आणा, असं सांगून मास्तर परत पाठवायचे.

माझ्या वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबांना ही परीक्षा फार पटली होती. ते दर वर्षी सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जायचे, घोड्याचं तोंड उघडून दात बघायचे आणि वय सांगायचे. विकणारा काय सांगतो त्यावर त्यांचा काडीचाही विश्वास नसे. पोराचं वय हातावरून कळतं म्हटल्यावर मास्तर त्यांना आपल्यातलाच माणूस वाटला.

माझा हात कधीचाच कानाला पोचत होता. गोठ्यात, ओट्यावर, जिथे उभी राहीन तिथे मी हात डोक्यावरून नेऊन कान धरून बघायची. पण माझा हात कुणी विचारतच नव्हतं. आमच्यात मुलीने एकटीने शाळेत जायची रीत नव्हती. बहिणीने भावासोबत जायचं. भाऊ मोठा असला तर त्याच्या मागून, धाकटा असला तर त्याचं बोट धरून. आणि धाकटा अजून अगदीच लहान असला तर तिने थांबायचं. माझा भाऊ माझ्याहून दोन-अडीच वर्षांनी लहान, म्हणून मी थांबले होते. एक दसरा गेला, दुसराही गेला. आबा म्हणायचे, "दोन्ही संगे जातीन," आणि त्यांच्यापुरता विषय संपायचा. यात माझं काही नुकसान होतंय हे त्यांच्या मनातही येत नव्हतं, आणि मला संताप त्याचाच यायचा.

गावातल्या काही मुली शाळेत जायच्या, नाही असं नाही. पण त्यांची घरं शाळेच्या बाजूला होती. शाळा वेशीजवळच्या धर्मशाळेत भरायची, आमचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि मधोमध चावडी. चावडीवर दिवसभर गावातले बापे बसलेले असत. घरंदाज बाई तिथून जायची वेळ आलीच तर तोंडावर पदर ओढून, पायातल्या वहाणा काढून हातात घेऊन, भिंतीच्या कडेने जायची. शक्यतो जायचीच नाही. तिथून एकट्या मुलीने रोज पाटी घेऊन जावं हे कुणाच्या डोक्यातच येत नव्हतं.

त्या वर्षी त्यात फुईची भर पडली. फुई म्हणजे आबांची मोठी बहीण, नंदुरबारला दिलेली. तिला नातू झाला होता. पावसाळ्यात तिचा निरोप आला, की पोर मोठी झाली आहे, घरात बसून काय करते, माझ्याकडे पाठव, नातवाचा पाळणा हलवील. आबांनी उलट निरोप धाडला, की दसऱ्याला बघू. धाकट्याचा हात कानाला पोचला तर दोघं शाळेत बसतील, नाही पोचला तर पोरगी वर्षभर तुझ्याकडे. अशा वर्षभरासाठी नेलेल्या मुली मी बघितल्या होत्या. एक मूल चालायला लागलं की दुसरं पाळण्यात यायचं, आणि मुलगी तिथूनच परस्पर नवऱ्याच्या घरी जायची. शाळेचं नाव मग कुणी काढत नसे.

म्हणजे माझी शाळा माझ्या भावाच्या हाताच्या लांबीवर येऊन थांबली होती. मी त्या हाताच्या मागे लागले.

माय दुपारी धान्य निवडायला बसली की मी त्याला परसात न्यायची. तिथे निंबाची एक फांदी खाली आली होती, तिला त्याला लोंबकळत ठेवायची. दंडाला तेल चोळायची. हात काही वाढेना, तेव्हा मी कानाकडे वळले. कान रोज वर ओढला तर तो थोडा तरी वर सरकेल असा माझा अंदाज होता. तो बोंब ठोकायचा. मग त्याला गूळ-शेंगदाणे द्यायचे, डोळे पुसायचे, आणि आमचं पुन्हा सुरू. शेवटी मला एक खुबी सापडली. मान जराशी उजव्या खांद्याकडे कलती केली तर कान आपोआप वर येतो. नवरात्र बसायच्या सुमाराला एका दुपारी त्याचं मधलं बोट कानाच्या टोकाला टेकलं. मी त्याला उचलून गरागरा फिरवलं. तोही खूश झाला, कशासाठी ते त्याला कळलं नव्हतं.

परसाच्या दारात माय उभी राहून बघत होती. ती हसली नाही.

मायला तो यंदा शाळेत जायला नको होता. उन्हाळ्यात तो गोवरातून उठला होता आणि अजून अंगावर मांस चढलं नव्हतं. कुणी जरा मोठ्याने बोललं तरी त्याची चड्डी ओली व्हायची. त्यात शाळेची उचलबांगडी. शाळेत न आलेल्या पोराच्या घरी मास्तर चार दांडगे विद्यार्थी धाडत. दोघे हात धरत, दोघे पाय, आणि पोराला उताणं उचलून आरडाओरडा करत गावातून नेत. समोरच्या घरातलं पोर असं जाताना मायने ओट्यावरून बघितलं होतं. पोर रडून रडून काळंनिळं झालं होतं आणि त्याची आई दारात नुसती उभी होती. ते बघितल्यापासून मायचा जीव धास्तावला होता.

"आजून न्हाना शे तो. औंदा नको," एकदा ती आबांना म्हणाली.

"हात काय सांगस ते देखूत," आबा म्हणाले.

मी आतल्या खोलीतून ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. आबा बाहेर गेल्यावर मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. "त्याले आखो एक साल घरमा ठेवशी, आनि माले फुईकडे धाडशी! तुले मी नको शे!"

"गप ऱ्हाय," ती म्हणाली. सुपातला तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू लागला.

त्यानंतर मी तिच्याशी बोलणंच टाकलं. ती वाढायची, मी खायची, तिच्याकडे न बघता. ती धाकट्याला मांडीवर घेऊन बसली की मला दोघांचाही राग यायचा. तिचं चुकत नव्हतं. त्या पोराला खरंच अजून वर्षभर घराची गरज होती. पण तिचं बरोबर असण्याची किंमत माझ्या डोक्यावर पडणार होती, आणि हे तिला दिसत असून ती गप्प होती.

अष्टमीला फुई आली. सारंगखेड्याला नावेतून तापी उतरून, पुढे आमच्या गाडीतून. आल्या आल्या तिने मला जवळ बोलावून माझे दंड चाचपले. "पोर दनगट शे," ती आबांना म्हणाली. ती काही दुष्ट नव्हती. माझ्यासाठी तिने परकराचं कापड आणलं होतं. ते मी हातात घेतलं नाही.

दसऱ्याला सकाळी शाळेत पाटीपूजन असायचं. पाट्यांवर सरस्वती काढून, हळदकुंकू, झेंडू वाहून नवी पोरं बसवायची, मग प्रसाद घेऊन सुट्टी. आबांनी धाकट्याला नवी टोपी घातली. पाटी एकच आणली होती, त्याच्या नावाची. मी त्यातच भागवायचं होतं. ती माझ्या हातात दिली. निघताना मायने त्याला दाराआड नेऊन जवळ घेतलं, त्याच्या कानाशी काहीतरी बोलली. पोरगा घाबरलाय, समजूत घालत असेल, असं मला वाटलं.

धर्मशाळेच्या ओसरीवर मुलं दाटीवाटीने बसली होती. मास्तर आमच्या भागातले नव्हते, शुद्ध बोलायचे. त्यांनी भावाला जवळ घेतलं. "हं बाळ, लाव कानाला हात."

त्याने हात वर केला. मी आबांच्या मागे पाटी छातीशी धरून उभी होते. मी माझी मान उजवीकडे कलती केली, त्याला दिसावी म्हणून. तो माझ्याकडेच बघत होता. हात डोक्याच्या मधोमध येऊन थांबला.

"अजून पुढे ने. शाब्बास."

हात हलेना. मास्तरांनी कोपराला हलकेच रेटा दिला, तसा तो लाकडासारखा ताठ झाला. मला राहवेना. "मान कर ना रे! मान!" मी मोठ्याने म्हणाले.

त्याचा चेहरा वाकडा झाला आणि त्याने भोकाड पसरलं. "मायनी सांगेल शे, कानले हात लावू नको!"

सगळी शाळा हसली. आबा हसले नाहीत. चारचौघांत आपल्या घरातली गोष्ट अशी उघडी पडलेली त्यांना खपत नसे. मास्तरांनी मुलांना दटावलं आणि चांगुलपणाने सांगितलं, "राहू द्या पाटील. लहान आहे अजून. पुढच्या वर्षी आणा." आबांनी धाकट्याला कडेवर उचललं आणि ते चालू लागले. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. मी पाटी घेऊन मागून निघाले. चावडी कधी आली, कधी गेली, मला कळलं नाही.

अंगणात फुई खाटेवर बसली होती. आबांनी काय झालं ते दोन शब्दांत सांगितलं आणि ते घोड्याला झेंडूची माळ बांधायला गेले. दसऱ्याला घोड्याची पूजा असायची. फुई म्हणाली, "मंग व्हयनं. सकाय पोर मनासंगे येई."

मी सरळ चुलीपाशी गेले. माय पुरणपोळी भाजत होती. कितीतरी दिवसांनी मी तिच्याशी बोलले. "तूच सांगेल शे ना त्याले?"

"हा," ती म्हणाली. "मीच सांगेल शे. त्याले तसं उचली लई जातीन. माले नही सोसावत."

तिने नाकबूल केलं असतं तर मला भांडता आलं असतं. मग मी तिला एवढंच विचारलं, "आनि मन्हं काय?"

तिने माझ्याकडे बघितलं. बघतच राहिली. तव्यावरची पोळी करपायला लागली, धूर यायला लागला, तरी तिचं लक्ष नव्हतं. मग तिने तवा खाली उतरवला, लाकडं मागे ओढली, हात पुसले, आणि पदर डोक्यावरून पार तोंडापर्यंत ओढला. माझं मनगट धरून ती मला अंगणात घेऊन आली.

फुईसमोर माय आबांशी कधी बोलत नसे. काही सांगायचं असलं तर माझ्यामार्फत सांगायची. त्या दिवशी ती उभी राहिली आणि घोड्याकडे बघत म्हणाली, "मी लई जासू तिले शायमा. आत्तेच."

"येडी व्हयनी का वं तू?" फुई खाटेवरून उठली. "तू जाशी? चावडीवरथून?"

आबा माळेची गाठ मारत होते. वर न बघता ते म्हणाले, "चावडी भरेल शे."

ते खरंच होतं. सणाचा दिवस, सगळे बापे नवे फेटे घालून चावडीवर जमलेले. आबांनी जा म्हटलं नाही, जाऊ नको असंही म्हटलं नाही. पण आमच्या घरात ते एवढं बोलले म्हणजे 'नाही' असाच अर्थ व्हायचा.  आता माय मागे फिरणार, हे मी धरूनच चालले.

"मंग मी व्हाना हातमा लिसू," माय म्हणाली.

आबांनी माळेची गाठ आवळली. रीत मोडते म्हणावं, तर ती रीत पाळूनच जाते म्हणत होती. आम्ही दाराबाहेर पडलो.

चावडीपर्यंत ती झपाझप चालली. चावडी दिसल्यावर वाकून तिने वहाणा काढल्या, एका हातात घेतल्या, दुसऱ्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं. इतकं घट्ट, की तिच्या बांगड्या माझ्या हाडाला लागत होत्या. चावडीवर हसणं-बोलणं चाललं होतं. आम्ही समोर आलो तसा एकेक आवाज बंद होत गेला. पदराआडून तिला पायाखालची जमीन तेवढी दिसत असणार. ती भिंतीला लागून चालत होती आणि तिचा श्वास मला ऐकू येत होता. कुणीतरी म्हातारा म्हणाला, "कोनी बाई शे रे हाई?"  मला वाटलं, मागून आबा हाक मारतील. हाक आली नाही. चावडी मागे पडली तरी तिने वहाणा पायात घातल्या नाहीत, विसरलीच असावी.

धर्मशाळेच्या पायरीशी ती थांबली. पुढे, परक्या पुरुषासमोर जाणं तिच्याच्याने होण्यासारखं नव्हतं. ती खांबाच्या आड उभी राहिली आणि तिने मला पुढे ढकललं. प्रसाद वाटून झाला होता, पोरं पांगत होती. मास्तरांनी मला ओळखलं. "काय गं? पाटी विसरलीस का?"

"नही. मी शायमा बसाले उनू. मी एकलीच," मी म्हणाले. 

ते खांबाकडे बघून काय समजायचं ते समजले. "बरं. लाव कानाला हात."

मी हात डोक्यावरून नेला. माझी बोटं कान ओलांडून खाली गालावर आली. मान सरळ होती. मास्तर हसले आणि खांबाच्या दिशेने, जरा मोठ्याने म्हणाले, "हिला दोन वर्षांपूर्वीच आणायला हवं होतं." मग त्यांनी माझ्या, म्हणजे भावाच्या पाटीवर सरस्वती काढली आणि मला पहिल्या रांगेत बसवून कुंकू लावलं. पोरं निघून गेलेल्या त्या मोकळ्या ओसरीवर मी एकटीच विद्यार्थिनी होते.

आम्ही घरी आलो तेव्हा फुई तणतणत होती.  दुसऱ्या दिवशी गाडी जुंपली, फुईने माझ्या गाठोड्याची चौकशी केली, तेव्हा आबा तिला म्हणाले, "ती आत्ते शायमा बसनी, आक्का." एवढंच. परकराचं कापड फुई ठेवून गेली. पुढे वर्षभर माय मला रोज चावडी ओलांडून पोचवायची आणि संध्याकाळी आणायची. लोक आधी कुजबुजले, मग कंटाळले. पुढच्या दसऱ्याला धाकटा आपल्या पायाने आला, मान सरळ ठेवून कानाला हात लावला आणि माझ्या शेजारी बसला. त्याची कधी उचलबांगडी झाली नाही.

पण मला आठवते ती त्या दसऱ्याची दुपार. जेवणं झाली होती. घरचे बापे सोनं लुटायच्या तयारीत होते. मी पाटी दाखवायला मायला शोधत परसात गेले. खरकटी भांडी तशीच पडली होती, आणि ती निंबाखाली, त्या लोंबत्या फांदीजवळ पाठमोरी उभी होती. डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला होता. तिचा राखेने भरलेला उजवा हात डोक्यावरून गेला होता आणि बोटांनी डावा कान धरला होता.

माझी चाहूल लागून ती वळली. हात मात्र तिने तसाच ठेवला.

"मन्हा बी पोचस," ती म्हणाली.